गॉगल लावा, वडापाव टाळा!

पोट भरलेलं असताना जीभ का खवळते? आणि खोट्याखोट्या किचनमध्ये उभं राहून खरं क्रेव्हिंग घालवता येतं का? बार्सिलोनापासून टोकियोपर्यंत शास्त्रज्ञ याच उद्योगाला लागलेत.

रात्रीचे साडेअकरा. जेवण होऊन दोन तास झालेत. पोट टम्म आहे, म्हणजे अगदी पोळी-भाजी-आमटी-भात असं साग्रसंगीत. लॅपटॉपवर उद्याचं प्रेझेंटेशन उघडं आहे. आणि अचानक, काही कारण नसताना, डोक्यात एक वडापाव येऊन बसतो. कुठलाही वडापाव नाही हं. स्टेशनबाहेरच्या त्या ठरावीक गाडीवरचा, कढईतून नुकताच निथळून काढलेला, पावाला आतून लाल चटणी फासलेला, बाजूला मीठ भुरभुरलेली तळलेली मिरची. बॉस, खल्लास! पुढची दहा मिनिटं स्लाइड नंबर सात काही केल्या पुढे सरकत नाही.

याला भूक म्हणत नाहीत. भुकेला काहीही चालतं, सकाळची गार पोळीसुद्धा. याला मात्र तोच वडापाव हवा असतो. आपल्या आज्यांकडे यासाठी झकास शब्द होते. तलफ, डोहाळे, वखवख, जिभेचे चोचले. आपल्या पिढीने सगळ्यांच्या जागी एकच शब्द आणून ठेवला, क्रेव्हिंग. ऑफिसात कुणी ‘यार, क्रेव्हिंग होतंय’ म्हटलं की पाच मिनिटांत चार जणांचे मोबाइल बाहेर येतात आणि ऑर्डर सुटते. संपला विषय.

पण काही शास्त्रज्ञांच्या मते विषय तिथेच सुरू होतो. त्यांनी क्रेव्हिंगला पकडून थेट प्रयोगशाळेत नेलंय. तिथे तुमच्यासमोर व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीतलं, म्हणजे आपल्या व्हीआरमधलं, एक किचन उभं राहतं. टेबलावर पिझ्झा, केक, चिप्स. पदार्थ उचलायचा, जवळ आणायचा, फिरवून बघायचा... आणि खायचा नाही. (खाणार काय, कप्पाळ? तिथे काही नाहीच आहे!) मॉलच्या गेमिंग झोनमधला टीपी वाटेल. पण ही चक्क ट्रीटमेंट आहे.

दोन चमचे

खरं सांगायचं तर ही स्टोरी करावीशी वाटली ती वडापावमुळे नाही. माझी एक मैत्रीण आहे. वय २९, हिंजवडीत आयटीत, अमेरिकेतल्या क्लायंटच्या घड्याळावर जगणारी. नाव छापायचं नाही या अटीवर तिने हे लिहू दिलंय. गेल्या पावसाळ्यात चहा पिताना ती सहज बोलून गेली, ‘अगं, मी ऑर्डर करताना कायम दोन चमचे मागते.’

मी म्हटलं, ‘बरं मग?’

‘म्हणजे डिलिव्हरीवाल्याला वाटावं की घरात दोघं आहेत.’

ती एकटी राहते.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आठवड्यातून दोन-तीन रात्री, शेवटचा कॉल संपला की दीडच्या सुमाराला ती ऑर्डर करते. बिर्याणी, मग पास्ता, वर चॉकलेट केक. अर्ध्या-पाऊण तासात सगळं फस्त. चव? ‘पहिल्या चार घासांनंतर चव लागतच नाही गं. हात थांबत नाही, एवढंच.’ मग रिकामे डबे पिशवीत भरून शेजारच्या विंगच्या कचऱ्यात नेऊन टाकायचे, कारण आपल्या मजल्यावरच्या मावशींना दिसायला नकोत. सकाळी स्वतःचा भयंकर राग. दुपारी डब्यात नुसती काकडी आणि ताक. आणि रात्री दीडला परत तेच.

इतकी वर्षं आम्ही सगळ्याजणी तिला कौतुकाने ‘फूडी’ म्हणायचो. तिच्या इन्स्टावरच्या प्लेटांना बदाम द्यायचो. मला अजून त्याची लाज वाटते.

या प्रकाराला नाव आहे, बिंज ईटिंग डिसऑर्डर. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या २०१३च्या यादीत त्याला पहिल्यांदा स्वतंत्र आजाराचा दर्जा मिळाला. थोडक्या वेळात, कुणीही खाईल त्याहून खूपच जास्त खाणं. खाताना ‘आता आपल्या हातात काही नाही’ असं वाटणं. भूक नसताना खाणं, लाजेपोटी एकटीने खाणं, नंतर किळस वाटणं. आणि हे आठवड्यातून निदान एकदा, सलग तीन महिने. खाल्लेलं उलटी करून वगैरे बाहेर काढायची धडपड सुरू झाली की त्याला बुलिमिया म्हणतात. तेव्हा रविवारी मिसळीच्या तीन प्लेट चापल्या म्हणून लगेच घाबरू नका. त्याला आपल्याकडे रविवार म्हणतात!

तिची गोष्ट वेगळी आणि तुमच्या-माझ्या वडापावची वेगळी, हे आधीच स्पष्ट करते. पण दोन्हीकडे जाणारा रस्ता बराच लांबपर्यंत एकच आहे. आणि तो रस्ता सुरू होतो एका रशियन म्हाताऱ्याच्या कुत्र्यापासून.

कुत्रा, मेट्रोनोम आणि रात्रीचा दीड

शाळेत शिकलेला पावलॉव्ह आठवतोय? घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, तोच. (पावलॉव्ह मेट्रोनोमही वापरायचा, म्हणजे गाण्याच्या क्लासात टकटक करतं ते यंत्र. पण पाठ्यपुस्तकांना घंटाच आवडते.) १९०४ साली त्याला नोबेल मिळालं ते मात्र यासाठी नव्हे, पचनसंस्थेवरच्या कामासाठी. म्हणजे गोष्ट पहिल्यापासून पोटाचीच होती.

हॉलंडमधल्या मास्ट्रिख्टच्या अनिता यान्सेन यांनी १९९८मध्ये बिंज ईटिंगला हाच नियम लावून दाखवला. केकचा वास, किचनमधला दिवा, घरी कुणी नसणं, आलेला कंटाळा, यातलं काहीही ‘घंटा’ होऊ शकतं. त्या वेळी, त्या जागी पुन्हा पुन्हा खाल्लं गेलं की शरीर पाठ करून टाकतं. पुढच्या वेळी घास तोंडात जायच्या आधीच लाळ सुटते, पोट तयारीला लागतं, आणि ही सगळी तयारी आपल्याला जाणवते ती ‘आत्ताच्या आत्ता हवंय’ अशी. माझ्या मैत्रिणीला मी हे सांगितलं तर ती एक मिनिट गप्प झाली आणि म्हणाली, ‘लॅपटॉप मिटल्याचा आवाज. टक्. तो आला की मला सुटतं पाणी.’

तिचं ‘चव लागत नाही’ हे वाक्यही उगाच नाही. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी उंदरांवर वर्षानुवर्षं काम करून एक भारी गोष्ट शोधली. एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती आवडणं या मेंदूच्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ नाहीसं केलं, ते अन्नाकडे ढुंकून बघेनात. पण तोंडात साखरेचा थेंब टाकला तर पहिल्यासारखेच मिटक्या मारत होते. आवड शाबूत, हाव गायब. हे उलटंही होऊ शकतं. हाव वाढत जाते आणि आवड तिथल्या तिथेच राहते. दीड वाजताचा तो पास्ता म्हणजे नेमकं हेच.

मग यावर उपाय काय? सोपा वाटतो. मेट्रोनोम वाजवायचा आणि खायला द्यायचं नाही. पुन्हा वाजवायचा, पुन्हा नाही. काही दिवसांनी कुत्रा मेट्रोनोमकडे लक्ष देईनासा होतो. माणसांसाठी याचं नाव क्यू एक्स्पोजर. समोर केक ठेवून बसायचं, जीव कासावीस होऊ द्यायचा आणि तो आपोआप शांत होईपर्यंत उठायचं नाही.

पण इथे एक गोची आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन यांनी दाखवून दिलं की जुनी सवय यात पुसली जात नाही. तिच्यावर नवी सवय बसते, आणि ही नवी सवय ज्या जागी शिकली त्या जागेला चिकटून राहते. म्हणजे डॉक्टरांच्या केबिनमध्ये, ट्यूबलाइटच्या उजेडात, समोर पाण्याचा जग असताना केककडे शांतपणे बघायला शिकलात, तरी रात्री दीडच्या अंधाऱ्या किचनला त्याचा पत्ताच नसतो. तिथे जुनाच कारभार चालू.

आता दर वेळी डॉक्टर तुमच्या किचनमध्ये कसे येणार? त्यापेक्षा किचनच केबिनमध्ये आणलं तर?

बार्सिलोनाचं किचन

ही आयडिया सगळ्यात चिकाटीने लावून धरली ती बार्सिलोना विद्यापीठाच्या होसे गुत्येरेस-माल्दोनादो आणि मार्ता फेरेर-गार्सिया यांच्या टीमने. इटलीत मिलानजवळच्या इस्तितुतो ऑक्सोलॉजिको या संस्थेत जुझेप्पे रिवा तर १९९०च्या दशकापासून खाण्याच्या आजारांसाठी व्हीआर वापरतायत. त्या काळातलं व्हीआर कसलं, डबडं! पण रिवा यांचा भर जास्त करून ‘मी आरशात कशी दिसते’ यावर होता. बार्सिलोनावाल्यांनी मात्र थेट पदार्थाला हात घातला.

त्यांच्या प्रोग्रॅममध्ये चार जागा होत्या. किचन, डायनिंग रूम, बेडरूम आणि कॅफे. बेडरूम बघून मला आधी हसू आलं, मग मैत्रीण आठवली आणि हसू थांबलं. प्रत्येक पेशंटला आधी विचारायचं की कुठली जागा, कुठला पदार्थ तुम्हाला सर्वांत जास्त छळतो? मग शिडी लावायची. खालच्या पायरीवर सौम्य, वरच्या पायरीवर एकदम डेंजर. डायनिंग रूममधल्या सॅलडपासून सुरुवात करून बेडरूममधल्या चॉकलेट केकपर्यंत, समजा. प्रत्येक पायरीवर त्या पदार्थासमोर थांबायचं, तो हाताळायचा, आणि ‘आता घाबरं किती वाटतंय?’ या प्रश्नाचं उत्तर अधूनमधून आकड्यात द्यायचं. आकडा बराच खाली आला की पुढची पायरी.

लक्षात घ्या, ते फक्त हाव मोजत नव्हते, घबराटही मोजत होते. कारण बिंज करणाऱ्या माणसाला समोरच्या केकची नुसती इच्छा होत नाही, त्याची भीतीही वाटते. ‘आता मी थांबू शकणार नाही’ ही भीती. आणि बऱ्याचदा ती भीती घालवायचा एकच मार्ग त्याला माहीत असतो, तो म्हणजे खाऊन टाकणं!

२०१७मध्ये त्यांच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. स्पेन आणि इटलीतली पाच केंद्रं, ६४ पेशंट. सगळे बुलिमियाचे किंवा बिंज ईटिंगचे, आणि सगळे असे की ज्यांनी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक बदलायची नेहमीची थेरपी, घेऊनही बिंज थांबलं नव्हतं. सोपी गिऱ्हाइकं नव्हती म्हणायची. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला सीबीटीचीच आणखी सहा सेशन्स, दुसऱ्याला व्हीआरची सहा सेशन्स. शेवटी व्हीआर गटातल्या ५३ टक्के लोकांचं बिंज पूर्ण थांबलं होतं. दुसऱ्या गटात हाच आकडा होता २५ टक्के. सहा महिन्यांनी पुन्हा गाठलं तेव्हा फरक आणखी वाढला होता, ७० टक्के विरुद्ध २६.

मी हे आकडे दोनदा वाचले. कारण डाएटच्या जगात सहा महिन्यांनंतरचा आकडा नेहमी खालीच गेलेला असतो. जानेवारीतल्या जिम मेंबरशिपचं जूनमध्ये काय होतं ते आपण जाणतोच. इथे तो वर गेला.

तरी हुरळून जाऊ नका. ६४ म्हणजे आपल्या एका लोकल डब्याच्या दारापाशी उभी असतात तेवढी माणसं. त्यांतलीही काही जणं सहा महिन्यांनी तपासणीला नव्हती. शिवाय एका गटाला जुन्याच औषधाचा वाढीव डोस आणि दुसऱ्याला नवंकोरं काहीतरी, म्हणजे नवेपणाचा उत्साहही कुठेतरी धरायला हवा. पण सीबीटीने हात टेकलेल्या माणसांत निम्म्याहून जास्त लोकांचं बिंज थांबणं ही किरकोळ गोष्ट नाही.

पिक्सेलच्या केकने पाणी सुटतं?

साहजिक प्रश्न. तो केक केक नाहीच, हे डोक्याला माहीत असतं. मग जीभ कशी फसते?

उत्तर मजेशीर आहे. २०१०मध्ये इटलीतल्या टीमने अ‍ॅनोरेक्सियाचे, बुलिमियाचे पेशंट आणि निरोगी लोक, अशा तिघांना खरे पदार्थ, व्हीआरमधले पदार्थ आणि पदार्थांचे फोटो दाखवले. पेशंटच्या बाबतीत व्हीआरने जवळजवळ खऱ्या पदार्थाइतकीच खळबळ केली. फोटो फिके पडले. पण २०१३मध्ये अमेरिकेत ट्रेसी लेडू यांनी डाएट न करणाऱ्या, सडपातळ बायकांवर असाच प्रयोग केला तेव्हा व्हीआरची जादू फोटोच्या पुढे फारशी गेली नाही, आणि खरा पदार्थ दोघांना आरामात हरवून गेला.

मला या दोन निकालांत भांडण दिसत नाही. ज्याच्या आत ‘घंटा’ आधीच बसवलेली आहे, त्याला ओबडधोबड चित्रही पुरतं. ज्याच्या आत ती नाही, त्याला खराखुरा केकच लागतो. माझ्या मैत्रिणीला तर नुसता ‘टक्’ पुरतो, सांगितलं ना.

हां, एक मोठी उणीव आहे. वास! स्पॅनिश किचनचं ठीक आहे, पण आपल्याकडे क्रेव्हिंगची सुरुवात नाकातून होते. फोडणीचा वास नसलेली व्हर्च्युअल मिसळ म्हणजे म्यूटवरचं लावणीचं गाणं. जपान्यांनी इथेही डोकं लावलंय. टोकियो विद्यापीठातले ताकुजी नारुमी यांनी ‘मेटाकुकी’ नावाचा प्रकार केला. साध्या बिस्किटावर गॉगलमधून चॉकलेटचा रंग चढवायचा आणि नाकाशी पंपाने चॉकलेटचा वास सोडायचा. खाणाऱ्याला बिस्किटाची चव बदलल्यासारखी वाटायची.

त्याच नारुमींचा २०१२चा प्रयोग तर भन्नाटच. गॉगलमधून बघताना हातातलं ओरिओ दीडपट मोठं दिसायचं, पण हात मात्र नेहमीएवढाच! तसं केल्यावर माणसं जवळजवळ १० टक्के कमी बिस्किटं खायला लागली. उलट बिस्कीट दोन तृतीयांश आकाराचं दाखवलं की १५ टक्के जास्त. पोटात जाणारं बिस्कीट प्रत्येक वेळी तेच. ‘डोळ्यांनी खाणं’ म्हणतात ते आणखी काय असतं? लहानपणी आजी छोट्या वाटीत खीर द्यायची आणि वाटी भरलेली दिसायची, ती बहुधा नारुमींच्या आधीपासून या लाइनमध्ये होती.

तीस बाकरवड्यांचा प्रयोग

गॉगल नसेल तर? डोकं तर आहे!

२०१०मध्ये ‘सायन्स’ या जर्नलमध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलनच्या केरी मोरवेज आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला. लोकांना ३३ वेळा एक कृती मनातल्या मनात करायला सांगितली. काहींनी वॉशिंग मशीनमध्ये ३० नाणी टाकल्याची आणि एम अँड एमच्या ३ गोळ्या खाल्ल्याची कल्पना केली. काहींनी ३ नाणी आणि ३० गोळ्या. काहींनी नुसतीच ३३ नाणी. मग खरोखरच्या गोळ्यांचा वाडगा समोर ठेवला. ज्यांनी मनातल्या मनात ३० गोळ्या खाल्ल्या होत्या, त्यांनी खऱ्या गोळ्या सगळ्यांत कमी खाल्ल्या. मात्र गोळ्या खाण्याऐवजी वाडग्यात टाकल्याची कल्पना केली तर फायदा झाला नाही. आणि गोळ्यांची कल्पना करून चीजची इच्छा कमी झाली नाही. जो पदार्थ, तोच मनात चावायला लागतो.

हे आपल्या समजुतीच्या अगदी उलट आहे. ‘त्याचा विचारच करू नकोस’ हा आईपासून डाएटिशियनपर्यंत सगळ्यांचा सल्ला. इथे उत्तर आहे, करा विचार, पण अर्धवट नको. एक वडापाव डोळ्यांसमोर आणलात तर तलफ वाढते. तीस खाल्लेत तर कंटाळा येतो.

मी करून बघितलं. घरात बाकरवडीचं पाकीट होतं. डोळे मिटून बसले आणि एक-एक करत तीस बाकरवड्या खाल्ल्या. कुरकुरीत कड, आतला खसखस-खोबऱ्याचा तिखटगोड मसाला, दाताखाली येणारी बडीशेप. सातव्यापर्यंत जाम मजा. बाराव्याला लक्ष उडालं. विसाव्या बाकरवडीला चक्क जबडा दुखल्यासारखा वाटला. तीस झाल्यावर पाकीट उघडलं. चार खाल्ल्या आणि बंद केलं. एरवी माझा स्कोअर काय असतो ते इथे छापणार नाही. (एका माणसावर एकदा केलेला प्रयोग म्हणजे विज्ञान नव्हे, हे मलाही कळतं. दुसऱ्या दिवशी राहिलेलं पाकीट भावाने संपवलं, त्यामुळे पुढचा डेटा उपलब्ध नाही.)

दुसरी ट्रिक इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाची, आणि तिला लागतो फक्त मोबाइल. जॅकी आंद्रेड आणि जॉन मे यांचं म्हणणं असं की क्रेव्हिंग म्हणजे मुख्यतः मनात रंगलेलं चित्र. तो निथळणारा वडा आठवा. चित्र रंगवायला मेंदूला जागा लागते, आणि तीच जागा दुसऱ्या चित्राने अडवली तर? म्हणून त्यांनी ३१ विद्यार्थ्यांना आठवडाभर, दिवसातून सात वेळा मेसेज पाठवून तलफ विचारली. त्यांतल्या काहींना लगेच तीन मिनिटं टेट्रिस खेळायला लावलं. हो हो, तेच, वरून पडणारे ठोकळे! तलफेची तीव्रता सरासरी ७० टक्क्यांवरून ५६वर आली. २०१५चा हा अभ्यास. खाण्यापासून कॉफी-सिगारेटपर्यंत सगळ्या तलफांना थोडा थोडा गुण आला. आठवडाभर खेळूनही परिणाम बोथट झाला नाही. आता आईला सांगता येईल की शाळेत असताना आपण ट्रीटमेंट घेत होतो.

ही कसरत आता कशाला, असंही कुणी विचारेल. २०२५च्या मार्चमध्ये भारतात माउंजारो आलं, जूनमध्ये वेगोवी. ही इंजेक्शनं घेणारे लोक सांगतात की डोक्यात सतत चालणारी खाण्याची बडबड, ज्याला ते ‘फूड नॉइज’ म्हणतात, एकदम शांत होते. ज्यांना डॉक्टरांनी लठ्ठपणासाठी किंवा डायबेटिससाठी दिलंय त्यांनी जरूर घ्यावं. पण इंजेक्शन आवाज कमी करतं. लॅपटॉप मिटल्यावर एकट्या घरात पुढचा तास कसा घालवायचा, हे ते शिकवत नाही. तो तास इंजेक्शन नसलेल्या दिवशीही येणारच आहे. निदान मला तरी व्हीआरचा मुद्दा इथे पटतो.

आपल्याकडे असा प्रोग्रॅम बनवायचा तर सीन कुठले लागतील, यावर मी आणि मैत्रिणीने एक अख्खी संध्याकाळ घालवली. स्टेशनबाहेरची गाडी. ऑफिसच्या पँट्रीतला वाढदिवसाचा उरलेला केक. लग्नाच्या पंगतीत ‘अजून एक जिलबी घ्याच हो’ म्हणून मागे उभी असलेली मावशी. (या मावशीला नाही म्हणायची प्रॅक्टिस तर राष्ट्रीय स्तरावर व्हायला हवी.) दिवाळीनंतरचा फराळाचा डबा, ज्यात आता फक्त शंकरपाळ्या उरल्यात आणि तरी हात जातोच. आणि फूड अ‍ॅपचं होमपेज. ‘ते सगळ्यांत वरच्या पायरीवर,’ ती म्हणाली. ‘मला केक नाही छळत. मला ते नकाशावरचं सरकणारं स्कूटरचं चित्र छळतं.’

शनिवारची पेस्ट्री

ती आता एका थेरपिस्टकडे जाते. जायला तिला दोन वर्षं लागली. पहिलं एक वर्ष ‘हा काय आजार आहे का, माझाच कंट्रोल नाही’ यात गेलं आणि दुसरं ‘लोक काय म्हणतील’ यात. मध्ये एका डाएटिशियनने तिला ‘विलपॉवर वाढवा’ असं सांगून सहा महिन्यांचा प्लॅन विकला. तो प्लॅन पाळलेल्या दिवसांच्याच रात्री सगळ्यांत वाईट होत्या. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री हिशोब चुकता करतं, हे तिला थेरपिस्टने समजावलं. म्हणून ट्रीटमेंटची सुरुवात व्हीआरने नाही, एक्स्पोजरनेही नाही, तर दुपारी दोन वाजता पोटभर जेवण्यापासून झाली. (तुम्हाला किंवा कुणा जवळच्याला दोन चमच्यांची गोष्ट ओळखीची वाटली असेल तर सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.)

दोन महिन्यांनी एक्स्पोजर सुरू झालं. थेरपिस्टकडे गॉगल-बिगल काही नाही. ती म्हणाली, येताना एक पेस्ट्री घेऊन ये. चांगली घे, तुला खरंच आवडते ती. मग दोघी त्या पेस्ट्रीसमोर पाऊण तास बसल्या. दर पाच मिनिटांनी आकडा. पहिल्या शनिवारी ९० ते ७०. दुसऱ्या शनिवारी ८५ ते ४०. तिसऱ्या शनिवारी तिने रडून घेतलं, आकडे राहूनच गेले. आता थेरपिस्ट तिला घरच्या किचनमधून, रात्री, दिवा घालवून व्हिडिओ कॉलवर बसवणार आहे. बाउटन साहेबांचा जागेचा प्रश्न आमच्या पुण्यात असा सुटतोय.

बिंज थांबलंय का? पूर्ण नाही. आठवड्याला तीनचं पंधरवड्याला एक झालंय. मागच्या वेळी झालं तेव्हा डबे तिने आपल्याच मजल्यावरच्या कचऱ्यात टाकले, आणि हे ती मला बिंजपेक्षा जास्त महत्त्वाचं असल्यासारखं सांगत होती.

आणि त्या पेस्ट्रीचं पुढे काय होतं? मीही हेच विचारलं. सेशन संपलं की ती क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसणाऱ्या काकांना मिळते. गेल्या शनिवारी ती निघताना काकांनी तिला थांबवलं. आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, ‘ताई, तेवढं ब्लॅक फॉरेस्ट पुरे आता. जमलं तर पुढच्या वेळी पायनॅपल आणता का?’